मे महिन्यातला मासा

रूबेन,

तुझ्या मागची कामं मी यादी करून उरकली. पेन्शन, गाडीचा विमा, घराचे कागद, लायब्ररीची परत करायची पुस्तकं. तुझी फ्लोरा नुसती मान हलवायची आणि मी पुढच्या ओळीवर खूण करायचे. बहिणीने सुतकाचे सात दिवस स्वस्थ खाली बसायचं असतं, तिचं लोकांनी करायचं असतं, हे मला कळतं. मी बसले होते, पण सुतकाच्या त्या बुटक्या स्टुलावरून अंडी कुणी आणायची, पाव कुणी आणायचा, गाड्या कुठे लावायच्या हे सांगत होते. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत आणि तुझ्या तळ्याच्या आसपास दुसरं ज्यू कुणीच नाही, म्हणून ऑटव्याहून फोन करकरून माणसं जमवली. तुझा शेजारी वेन टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, "मी मोजला जाईन का?"

मी म्हटलं, "मोजले नाही जाणार, पण बसा."

तो बसला. एक शब्द कळत नसताना शेवटपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. त्यानंतर आला नाही. तो का आला नाही, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तुला तो मासा आठवत असेल. माझ्या एस्तेरचं लग्न ठरत होतं, तिच्या सासरची माणसं टोरांटोहून आमच्याकडे ऑटव्याजवळ कनाट्याला पहिल्यांदाच यायची होती. मे महिना, शुक्रवारची संध्याकाळ. मी आठवडाभर आधी जेवणाचा बेत लिहून काढला होता: हिरव्या वाटणाचा, नारळाच्या रसातला मासा, आणि त्यापुढे कंसात तुझं नाव. विहीणबाईंना फोनवर सांगूनही टाकलं होतं की माझा भाऊ तळ्यावर राहतो, मासा घरचाच असेल. मग तुला फोन केला.

"ताई, बास मासा पकडायचा सीझन बंद आहे. जूनच्या शेवटी उघडतो."

"मग रोज तिथे जाऊन करतोस काय? हवा खातोस?"

"बघतो."

"काय बघतोस?"

"तो बसलाय, ते."

मग तू मला सगळं समजावून सांगितलंस. मी तेव्हा भांडी लावत होते, फोन स्पीकरवर होता. पाणी जरा कोमट झालं की लार्जमाउथ बासचा नर काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो, शेपटीने गाळ झाडून ताटाएवढी जागा स्वच्छ करतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर राहतो. खात नाही, हलत नाही, जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. गळ टाकला की तो गळालाही धरतो, पण भुकेने नाही, घरातून बाहेर हाकलायला म्हणून धरतो. त्याला वर काढलं की बाजूला टपलेले बारके मासे क्षणात अंडी फस्त करतात. लगेच परत सोडला तरी तो रिकाम्या घरट्यावर येऊन बसतो.

"बरं," मी म्हटलं, "पण मला एकच हवाय. तुझ्या तळ्यावर कोण बघतंय?"

"मी असतो ना बघायला."

"रूबेन, मी त्यांना सांगून बसलेय."

मग म्हणालास, "बरं. बघतो."

शुक्रवारी तू आणि फ्लोरा दुपारीच आलात. कूलरमध्ये बर्फावर मासा, साफ केलेला, तुकडे केलेला. मी तुकडे पाण्याखाली धरले आणि कौतुकाने म्हटलं, "किती एकसारखे कापलेस रे." तू म्हणालास, "सुरी चांगली होती." फ्लोरा ओट्याशी उभी होती, ती कोथिंबीर निवडायला लागली. कोथिंबीर मी सकाळीच निवडून ठेवली होती.

जेवताना मी मोठ्याने सांगितलं. सीझन बंद आहे, पकडलं तर मोठा दंड होतो, पण बहिणीने सांगितलं म्हणून माझ्या भावाने तळ्यातून मासा काढून आणला. विहीणबाई हसल्या, "मामा, म्हणजे कायदाच मोडलात की!" सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू ताटातून वर न बघता म्हणालास, "ताईपुढे कसला कायदा." काय हसलो होतो आपण. विहीणबाईंनी दोनदा घेतला, निदान मी दोनदा वाढला.

ते वाक्य मी किती ठिकाणी सांगितलं असेल. ऑफिसात, पासओव्हरच्या जेवणाला, एस्तेरच्या लग्नात. माझा भाऊ तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण माझ्यासाठी त्याने एवढं केलं, असं. एस्तेर म्हणायची, "मॉम, लेट इट गो." मला वाटायचं, तिला ऐकून कंटाळा आलाय.

तुझ्या सुतकाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तळ्यावरची बरीच मंडळी आली. केक, सॅलड, मफिन. आपल्याकडे काय चालतं न चालतं माहीत नाही म्हणून प्रत्येकाने डब्यावर आत काय काय आहे ते लिहून आणलं होतं. वेन सांगत होता की बोट पाण्यात उतरवायच्या उतारापाशी तुझ्या नावाचा एक फलक लावायचं ठरतंय. सीझन उघडेपर्यंत घरट्यांपासून दूर राहा, असं त्यावर लिहायचं. दर वसंतात तू प्रत्येकाच्या धक्क्यावर, डॉकवरून डॉकवर जाऊन हेच तर सांगत होतास, वेन म्हणाला. सुट्टीला आलेल्या लोकांना, पोरांना, नव्या बोटी घेतलेल्यांना. रागावून नाही. शेजारी उभा राहून पाण्याकडे बोट दाखवायचास, तो बघा, तिथे बसलाय, असं. एकदा दिसला की माणसाचा हात आपोआप थांबतो, असं तू म्हणायचास म्हणे. मला हे नवीन होतं. तासाभराच्या अंतरावर राहून मला ते माहीत नव्हतं, आणि परक्या माणसाने माझ्या भावाबद्दल मला काही सांगावं हे मला सोसेना. म्हणून मी माझी गोष्ट काढली.

इंग्रजीत सांगितली, सगळ्यांना कळावी म्हणून. नियमांचं त्याला एवढं होतं, पण बहिणीसाठी त्याने मे महिन्यात बास काढला, असं.

वेनने कप खाली ठेवला. "मे महिन्यात?"

"मे महिन्यात."

"घरट्यावरचा?"

मला काय माहीत? तू मला तसं काहीच सांगितलं नव्हतंस. पण खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अर्थात. ते कुठे कुठे बसतात, त्याला ठाऊक होतं ना."

हे मी माझ्या पदरचं घातलं, रूबेन. तू डोळ्यांसमोर नसताना, तुझ्याच घरात.

कुणी हसलं नाही. एक बाई मफिनच्या डब्याचं झाकण लावत राहिली. वेनने टोपी घातली, फ्लोराचा हात हातात घेतला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तो गेला. मला वाटलं, दुःखात आहे.

सगळे गेल्यावर फ्लोरा कप धुवत होती. मी पुसत होते. उजेड होता अजून, खिडकीतून तुझा डॉक दिसत होता. ती पाठमोरीच म्हणाली, "ताई, तो मासा दुकानातला होता."

"कोणता?"

"तोच. तिलापिया. तुमच्याकडे येताना हायवेवरच्या दुकानातून घेतला. तुकडे तिथेच करून घेतले, आणि कूलरमध्ये घालायच्या आधी रूबेनने पार्किंगमध्ये पिशवी काढून टाकली."

मी हातातला कप पुसतच राहिले. विचारलं, "मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तो म्हणाला, विहीणबाईंसमोर ताईचा शब्द खाली पडायला नको. नंतर सांगू. मग तुम्ही सगळीकडे सांगायला लागलात."

"आणि आज? आज तू इथेच होतीस. आज का नाही बोललीस?"

तिने नळ बंद केला. "तुम्ही बोलत असताना मध्ये कोण बोलणार, ताई?"

ती चिडून बोलली नाही. बाहेर पाऊस आहे, छत्री घ्या, असं सांगावं तसं बोलली.

मी त्या स्टुलावर जाऊन बसले, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा नुसती बसले. तू गेल्याचं दुःख मला तोपर्यंत कामांमधून येऊन गाठत होतं, त्याला मी वेळा नेमून देत होते. ही लाज मात्र तशी ऐकेना. मी काय केलं होतं बघ. तू कधी चोरी केली नव्हतीस. तुझ्या नावावर ती मी घातली, वर तिचं कौतुक केलं, आणि तू गेल्यावर ज्या लोकांना ती सगळ्यात जास्त लागेल त्यांनाच नेऊन दिली. आणि ज्या माशाची मी फुशारकी मारत होते, तो खरंच तळ्यातला असता, तर एका बापाची सगळी पिल्लं गेली असती. ते तू मला फोनवर सांगितलं होतंस. मी भांडी लावत होते.

तू नाही म्हणायचा नाहीसच. लहानपणी खाडीवर गळ टाकून बसायचास, आठवतं? बोय लागली की घरी, शिंगाळा लागला की परत पाण्यात, कारण खवलं नसलेला मासा आपल्याकडे चालत नाही. काठावरची पोरं ओरडायची, "अरे आम्हाला दे, फेकतोस काय!" त्यांनाही तू नाही म्हणत नव्हतास. हसायचास, आणि तोवर मासा पाण्यात गेलेला असायचा. तुझी ती पद्धत मला तेव्हाच कळायला हवी होती. तुझं "बघतो" म्हणजे काय, हे फ्लोराला कळत होतं, वेनला कळत होतं. मला ते होकारासारखं ऐकू यायचं, कारण मला तोच हवा असायचा.

तुझं हार्टचं ऑपरेशन झाल्यावर मी कनाट्यात तुमच्यासाठी कोंडो बघितले होते. हॉस्पिटल जवळ, लिफ्ट, बर्फ शोव्हल करायची कटकट नाही. समोरासमोर दोन रकाने करून तुला फायदे-तोटे लिहून दिले. तू कागद नीट घडी करून खिशात ठेवलास आणि म्हणालास, "बघतो, ताई." मी दर रविवारी विचारायचे. तो वाद तसाच राहिला. आता मला वाटतं, माझ्यापुरताच तो वाद होता. तू कधीच ठरवून टाकलं होतंस.

आणि हेही लिहायलाच हवं, नाहीतर माझ्या लाजेत तुझं चांगलं बुडून जाईल. माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात, बर्फ पडला की सकाळी उठून बघावं तर ड्राइव्हवे साफ. मला वाटायचं, शेजाऱ्याचा मुलगा करतो, त्याला मी चॉकलेटंही दिली. त्याने ती घेतली. मग एकदा लवकर जाग आली तर तुझी गाडी दिसली. तासभर गाडी चालवून यायचास, शोव्हल करायचास आणि बेल न वाजवता परत जायचास. मी दार उघडून ओरडले, "सांगता येत नाही?" तू म्हणालास, "सांगितलं असतं तर तू वेळ ठरवून दिली असतीस." तेव्हा मी हसले होते. तुला न सांगताच चांगलं वागावं लागायचं माझ्याशी. सांगितलं की मी ते ताब्यात घ्यायचे.

असो. फलकाचं काय झालं ते सांगते. सुतक संपायच्या दिवशी वेनच्या बायकोचा फ्लोराला फोन आला. फलकाचा विषय तळ्यावरच्या रहिवाशांच्या मंडळाने सध्या बाजूला ठेवलाय, पुढच्या वर्षी विचार करू, असं ती फार जपून म्हणाली. फ्लोराने मला तेवढंच सांगितलं.

मी लगेच लॅपटॉप उघडला. मंडळाला ईमेल. विषय: खुलासा. मुद्दा एक, सदर मासा तिलापिया होता. मुद्दा दोन, तो खरेदी केलेला होता. फ्लोराने खांद्यावरून वाचलं. "ताई," ती म्हणाली, "हे असं नाही होणार. तुम्ही सगळ्यांच्या तोंडावर बोललात ना?"

तुझ्या बायकोने मला पहिल्यांदा नाही म्हटलं. मी लॅपटॉप मिटला.

सीझन नेहमी शनिवारीच उघडतो. आणि शनिवारी तू गळाला हात लावत नव्हतास. आपल्या पूर्वजांनी कोकणात शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवले, लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, आणि तू ओंटारिओत सगळे तुटून पडायचे त्या दिवशी गळ भिंतीला टेकवून ठेवायचास. फ्लोराने सांगितलं, दर वर्षी त्या सकाळी तू उतारापाशी चालत जायचास, हात मागे बांधून, बोटींना निरोप द्यायला. लोक विचारायचे, "उद्या, रूबेन?" तू म्हणायचास, "उद्या." सगळा वसंत त्या माशांवर पहारा करून पहिला दिवस दुसऱ्यांना द्यायचास.

मी शुक्रवारी दुपारीच फ्लोराकडे आले आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघी चालत गेलो. तुझे तीस दिवस संपले नव्हते. उतारावर गाड्यांची रांग, गॅसच्या शेगडीवर पॅनकेक, पाण्यावर धुकं. मी कागदावर काही लिहून नेलं नव्हतं. शनिवार, लिहिलेलं जवळ बाळगलंही नसतं. वेन शेगडीपाशी होता. मला बघून त्याने हातातलं उलथणं खाली ठेवलं, सभ्यपणे.

मी म्हटलं, मला सगळ्यांशी बोलायचंय. आणि बोलले. काय बोलले ते तुला सांगते, कारण माझं इंग्रजी ऑफिसात चालतं, पण तिथे चालेना. मी म्हटलं, माझ्या भावाने मे महिन्यात तुमच्या तळ्यातला मासा काढला नाही. त्याने तो दुकानातून आणला, कारण मी हट्ट धरला होता आणि मला नाही म्हणणं सोपं नाही. त्याने मला खरं सांगितलं नाही. आणि घरट्याचं जे मी सांगितलं, ते मी बनवून सांगितलं. तो असता तर त्याने मला सावरून घेतलं असतं. तो नाही, म्हणून मी आले.

मग वेन म्हणाला, "कोणता मासा?"

"तिलापिया."

"रूबेनने तिलापिया विकत घेतला?"

"हो."

"टाकीत वाढवलेला?"

"मला माहीत नाही. दुकानातला."

वेनने इतरांकडे बघितलं. "त्यापेक्षा घरट्यावरचा बास काढला असता तर मी त्याला लवकर माफ केलं असतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. लोक हसले. फ्लोराही हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मला हसता येईना. वेन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही सांगितलंत आणि मी विश्वास ठेवला. इतके वसंत त्याच्या शेजारी काढून. माझ्याच्याने परत दारात येववेना." म्हणजे तो तुझ्यावर रागावून गेला नव्हता फक्त. माझी लाज त्यालाही लागली होती.

फलक लागणार आहे. मजकूर त्यांनी मला विचारला. मी म्हटलं, फ्लोरा सांगेल.

तीस दिवस झाल्यावर, एका रविवारी दुपारी, मी एस्तेरला, जावयांना आणि विहीणबाईंना जेवायला बोलावलं. हायवेवरच्या त्याच दुकानात गेले. तुकडे तिथेच करून घेतले, खरंच एकसारखे करतात. हिरवं वाटण, नारळाचा रस, सगळं त्या दिवशीसारखं. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगदी मामांच्या त्या माशाची चव. विसरले नाहीये मी."

"तोच आहे," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. दुकान, पार्किंग, पिशवी, सुतकात मी काय बोलले, उतारावर काय झालं. एस्तेर माझ्याकडे बघत राहिली. तिला मासा कुठला होता ते माहीत नव्हतं, पण मामा ते ऐकताना कधी वर बघत नाही, हे तिला दिसायचं.

विहीणबाईंनी ताट जरा पुढे सरकवलं. "आता तुम्ही एवढं सांगितलंत तर मीही सांगते," त्या म्हणाल्या. "मला गोड्या पाण्यातला मासा आवडतच नाही. मातीचा वास येतो. त्या दिवशी तुम्ही इतक्या हौसेने वाढत होतात, नाही कसं म्हणायचं?"

वाढायचा डाव माझ्या हातात होता. त्यात त्यांच्यासाठी दुसरा तुकडा होता.

"मग काय देऊ?" मी विचारलं.

"साधं वरण असलं तर."

वरण नव्हतं. मी उठले आणि कुकर लावला. डाळ शिजेपर्यंत सगळे थांबले, कुणी घाई केली नाही, मीही नाही. उरलेला मासा मी आणि एस्तेरने संपवला. मातीचा वास येतो खरा, रूबेन. इतकी वर्षं मला तो आलाच नव्हता.